औषधाचे दुकान आणि सल्ल्याचा मोबदला

आरोग्याच्या प्रश्नाचा विचार निघाला की चर्चा बहुधा रुग्णालयापासून सुरू होते. खाटा किती, डॉक्टर किती, यंत्रे किती, शस्त्रक्रियेचा खर्च कोणी सोसायचा, ह्याच प्रश्नांभोवती ती फिरत राहते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु श्रमजीवी माणसाच्या घरी आजार येतो तो बहुतेक वेळा सर्दी-पडशाच्या, अंगदुखीच्या, जुलाबाच्या, गजकर्णाच्या, डोळे येण्याच्या किंवा मुलाचा कान ठणकण्याच्या रूपाने येतो. अशा वेळी बांधकामावरचा मजूर, धुणीभांडी करणारी बाई किंवा यंत्रमागावरचा कामगार सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला रांगेत उभा राहत नाही. त्या रांगेत त्याचा खाडा होतो. तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो, काय होते ते दोन वाक्यांत सांगतो आणि काउंटरपलीकडून जे मिळेल ते घेऊन कामावर जातो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ह्या माणसाचे वागणे अडाणीपणाचे मुळीच नाही. मोफत दवाखान्याची किंमत त्याच्या हिशेबी शून्य नसते. बुडालेली रोजी ही ती किंमत असते. शिवाय जाण्यायेण्याचे भाडे, डॉक्टर जागेवर नसण्याची शक्यता आणि औषध बाहेरून आणा असे ऐकावे लागण्याची शक्यता, हे सारे तो जमेस धरतो. औषधाचे दुकान मात्र सकाळी उघडलेले असते ते रात्रीपर्यंत. तेथे ओळख असते आणि प्रसंगी उधारीही मिळते. तात्पर्य, औषधाचे दुकान हा श्रमजीवी वर्गाचा पहिला दवाखाना होय. त्याची नेमणूक कोणत्याही सरकारने केलेली नाही. परिस्थितीने केली आहे.

तेव्हा किरकोळ आजारासाठी लोकांनी औषधाच्या दुकानात जावे की जाऊ नये, हा वाद आता निरर्थक आहे. ते जातातच आणि जात राहणार. विचार करायचा तो वेगळ्याच प्रश्नाचा. ह्या पहिल्या दवाखान्यात बसलेल्या माणसाला मोबदला कशाचा मिळतो? त्याच्या ज्ञानाचा, की केवळ खपलेल्या मालाचा? औषध-दुकान लोकांच्या उपयोगी पडणार की लोकांच्या आजारावर पोसले जाणार, हे ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

काउंटरवर काय घडते

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१६ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली, मुंबई आणि पाटणा ह्या तीन शहरांतील ६२२ औषध-दुकानांत प्रशिक्षित माणसे रुग्ण म्हणून पाठवण्यात आली. अशा सुमारे १,२०० भेटी झाल्या. पहिल्या प्रकारच्या भेटीत रुग्ण सांगे की दोन-तीन आठवडे खोकला आणि ताप आहे. ही लक्षणे क्षयरोगाचा संशय यावा अशी आहेत, आणि योग्य वर्तन एकच: औषध न देता डॉक्टरकडे पाठवणे. तसे घडले केवळ १३ टक्के भेटींत. ३७ टक्के भेटींत प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक, हाती पडली. दुसऱ्या प्रकारच्या भेटीत रुग्णाजवळ थुंकीच्या तपासणीचा क्षयरोग दाखवणारा अहवाल होता. तेथे मात्र योग्य वर्तन ६२ टक्क्यांवर गेले आणि प्रतिजैविकांचे प्रमाण १६ टक्क्यांवर उतरले. क्षयरोगावरची मुख्य औषधे तर एकाही दुकानदाराने परस्पर दिली नाहीत.

ह्या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. एक, किरकोळ वाटणारा खोकला जेव्हा किरकोळ नसतो, तेव्हा ते ओळखण्याची व्यवस्था काउंटरवर नाही. दोन, कर्तव्य स्पष्ट असेल तर हाच दुकानदार बऱ्याच अंशी योग्य वागतो. म्हणजे दोष केवळ माणसाच्या नीतिमत्तेत शोधून चालणार नाही.

दुसरे उदाहरण गजकर्णाचे. घामात काम करणाऱ्या, दाटीने राहणाऱ्या माणसांचा हा आजार. साधे बुरशीनाशक मलम नियमाने काही आठवडे लावले तर तो बहुधा बरा होतो. परंतु गेली अनेक वर्षे काउंटरवरून जी मलमे सर्रास दिली गेली, त्यांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. त्यामुळे खाज दोन दिवसांत थांबते, गिऱ्हाईक खूश होते, आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. त्वचा पातळ होते, आजार परत येतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा वर्गात घातली. नियम झाला, परंतु खाज लवकर थांबवणाऱ्या मालाची मागणी आणि त्यावरचा नफा दोन्ही शिल्लक राहिले.

तिसरे उदाहरण जुलाबाचे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर व सोडा ह्यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजण्याचा मार्ग धरला. सलाइन संपत आले होते आणि शिकलेली माणसे पुरत नव्हती. म्हणून हे पाणी पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. जेथे तीस टक्क्यांपर्यंत माणसे मरत होती, तेथे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. अत्यंत स्वस्त वस्तू आणि तिच्यासोबत दिलेले योग्य ज्ञान ह्यांनी हे साधले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी असलेल्या जलसंजीवनीच्या पुडीत ग्लुकोज असते १३.५ ग्रॅम. परंतु ह्याच पुडीच्या शेजारी, तिच्याच नावाशी साधर्म्य सांगणारी, कितीतरी अधिक साखरेची रंगीत पेये वर्षानुवर्षे विकली गेली. जुलाब होणाऱ्या बालकाला ती पाजली तर जुलाब वाढण्याचा धोका असतो. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने ह्याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, तेव्हा कुठे २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. इतकी वर्षे ही पेये मुख्यतः कोठून विकली गेली? परवानाधारक औषध-दुकानांतून.

नफ्याचे गणित

ह्या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात नियंत्रित औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरला जातो. नियंत्रणाबाहेरच्या मालावर तो सामान्यतः अधिक असतो. नफा टक्केवारीने मिळत असल्यामुळे दहा रुपयांच्या वस्तूवर विक्रेत्याला रुपया-दीड रुपया सुटतो, तर शंभर रुपयांच्या वस्तूवर त्याच्या दहापट. आणि “बाई, ह्या सर्दीला औषधाची गरज नाही, दोन दिवस विश्रांती घ्या, वाफ घ्या, ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा” हा जो सर्वांत मोलाचा सल्ला, त्यावर त्याला सुटते शून्य. उलट गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाण्याचा धोका त्याच्या पदरी पडतो.

ज्या व्यवस्थेत खरे बोलण्याचा दंड बसतो आणि अनावश्यक विक्रीला बक्षीस मिळते, तेथे सज्जन माणसाचीही परीक्षा होते. कंपन्या ‘इतक्या पेट्यांवर इतक्या पेट्या फुकट’ अशा योजना घेऊन येतात, साखळी-दुकाने सवलतीची चढाओढ लावतात, मोबाइलवरून औषध मागवण्याचा व्यापार वाढतो. लहान दुकानदार ह्या तिहेरी कात्रीत सापडलेला आहे. त्याला खलनायक ठरवून सभा जिंकता येईल. त्याने प्रश्न सुटणार नाही.

कायद्याचे काय? १९४० चा औषध कायदा, त्याखालील १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा ह्यांनी औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाती वा देखरेखीखाली सोपवले. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नोंदले. पण अनेक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर एकाचे आणि काउंटरवर उभा दुसराच, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टची प्रत्यक्ष उपस्थिती आणि बिले ह्यांची कडक तपासणी आरंभली, तेव्हा दुकानदारांच्या संघटना बंदच्या तयारीने उभ्या राहिल्या. त्या संघर्षात कायदा प्रशासनाच्या बाजूने होता. परंतु फार्मासिस्टने काउंटरवर उभे राहून ज्ञान द्यावे, तर त्याच्या ज्ञानाचे पैसे कोण देणार, ह्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही. कर्तव्य लिहिले गेले. मोबदला लिहिला गेला नाही.

ब्रिटनचा धडा

ह्या प्रश्नाला हात घालण्याचा एक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला आहे. त्याची बलस्थाने आणि त्याचे अपयश, दोन्ही समाजवाद्यांनी अभ्यासण्याजोगी आहेत.

५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा औषधे विनाशुल्क होती. तीन वर्षांच्या आत दात आणि चष्मे ह्यांवर शुल्क बसवण्याचे ठरले, आणि ह्या सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन ह्यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ मध्ये काँझर्व्हेटिव्ह सरकारने औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क लावले. मजूर पक्षाच्या सरकारने १९६५ मध्ये ते रद्द केले आणि त्याच सरकारने १९६८ मध्ये ते पुन्हा बसवले. पुढे वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हे शुल्क काढून टाकले. इंग्लंडमध्ये मात्र ते राहिले.

किरकोळ आजारांच्या बाबतीत खरा प्रयोग केला तो स्कॉटलंडने. २००६ पासून तेथे अशी योजना चालली की शुल्कमाफीस पात्र असलेल्या माणसाने जवळच्या औषध-दुकानात नाव नोंदवावे, आणि किरकोळ आजारासाठी फार्मासिस्टने त्याला सल्ला द्यावा, लागल्यास औषध द्यावे, अथवा डॉक्टरकडे पाठवावे. फार्मासिस्टला मोबदला मिळे तो नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर. औषधाची किंमत सरकार वेगळी भरून देई. अर्थात, औषध दिल्याने त्याचे मानधन वाढत नसे आणि न दिल्याने घटत नसे. काउंटरवरचा सल्ला विक्रीपासून सुटा झाला, हेच ह्या योजनेचे मर्म होय. जुलै २०२० मध्ये ही सेवा स्कॉटलंडच्या सर्व रहिवाशांना खुली झाली.

इंग्लंडने उलटी वाट धरली. २०१६ मध्ये औषध-दुकानांना मिळणाऱ्या सरकारी निधीत कपात जाहीर झाली. २०१८ च्या मार्चमध्ये डॉक्टरांना सूचना गेली की ३५ किरकोळ आजारांसाठी दुकानात मिळणारी औषधे चिठ्ठीवर लिहून देणे टाळावे. म्हणजे लोकांनी ती विकत घ्यावीत. मग दवाखान्यांवरचा भार असह्य झाला तेव्हा ३१ जानेवारी २०२४ पासून सात आजारांसाठी फार्मासिस्टकडे जाण्याची योजना देशभर आणली गेली. घसादुखी, कानदुखी, सायनसची सूज, पिकलेला कीटकदंश, त्वचेवरचे संसर्गजन्य फोड, नागीण आणि स्त्रियांमधील साधा मूत्रमार्गाचा संसर्ग हे ते सात आजार. काय विचारावे, काय तपासावे, कोणते औषध केव्हा द्यावे, ह्याची लेखी नियमावली आहे आणि प्रत्येक सल्ल्याला ठरावीक मोबदला आहे. योजना चांगली आहे. परंतु ती आली तोवर कपातीच्या वर्षांत हजाराहून अधिक दुकाने बंद पडली होती.

ह्या बंद पडण्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात आयुष्यभर काम केलेले समाजवादी डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट ह्यांनी १९७१ मध्ये एक सिद्धांत मांडला. जेथे गरज सर्वांत अधिक, तेथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी, आणि बाजाराची सत्ता जितकी मोठी तितका हा व्यस्त नियम कठोर, असे त्याचे सार आहे. औषध-दुकान हा ह्या नियमाला दुर्मीळ अपवाद ठरला. २०१४ मध्ये इंग्लंडसंबंधी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की देशातील ८९ टक्के लोकांना वीस मिनिटांच्या पायी अंतरावर औषध-दुकान आहे, आणि सर्वांत वंचित वस्त्यांत हे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के आहे. म्हणजे गरिबाच्या दाराशी आपसूक उभी असलेली एकमेव आरोग्यसंस्था कपातीच्या तडाख्यात सापडली. काटकसरीचा पहिला वार असाच तळाशी बसतो.

स्वस्त औषध पुरेसे नाही

भारतात ह्या प्रश्नावर सरकारी उत्तर म्हणून जनऔषधी केंद्रांकडे बोट दाखवले जाते. ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. केंद्रांची संख्या २०२३ च्या अखेरीस दहा हजारांवर आणि २०२५ च्या प्रारंभी पंधरा हजारांवर गेली. ब्रँडच्या नावाखाली होणारी लूट थांबवावी, ही मागणी १९७५ च्या हाथी समितीपासून चालत आलेली आहे. त्या दिशेने जे पाऊल पडले त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु केंद्रचालकाची कमाई तेथेही विक्रीशी बांधलेली आहे. किंबहुना औषध जितके स्वस्त, तितकी टक्केवारीतून मिळणारी रक्कम तुटपुंजी. अशा केंद्रात प्रशिक्षित फार्मासिस्टने प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच मिनिटे द्यावीत, ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या उभीच राहत नाही. वस्तूची किंमत खाली आणली. सल्ला अजून बिनमोलाचाच राहिला.

तमिळनाडूने २४ फेब्रुवारी २०२५ रोजी एक हजार ‘मुदल्वर मरुंदगम’ दुकाने उघडली. सहकारी संस्था आणि औषधनिर्माणशास्त्राचे पदवी-पदविकाधारक तरुण ती चालवतात. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राने ह्याची दखल घ्यावी. साखर, दूध आणि पतपुरवठा ह्यांत उभा राहिलेला सहकार औषधाच्या काउंटरवर का दिसू नये, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्यात विचारण्याजोगा आहे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

डॉक्टरांचा आक्षेप असा की फार्मासिस्टला सल्ल्याचा अधिकार दिला तर गंभीर आजार नजरेतून सुटतील. आक्षेप खरा आहे. परंतु आज ते सुटतच आहेत. मर्यादित आजारांची यादी, ठरलेले प्रश्न आणि ‘ही लक्षणे दिसली तर औषध नाही, थेट दवाखाना’ अशी स्पष्ट सीमारेषा आखली, तर क्षयाचा रुग्ण आजच्यापेक्षा लवकर डॉक्टरपर्यंत पोहोचेल. ज्या देशात प्रतिजैविके आजच बेसुमार वापरली जातात, तेथे ती आणि स्टेरॉइड ह्या यादीच्या बाहेरच राहिली पाहिजेत. ह्या बाबतीत इंग्लंडचे अनुकरण करू नये. तसेच चार वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची विशिष्ट मिश्र औषधे देऊ नयेत असा आदेश २०२३ च्या डिसेंबरात निघालेला आहे. त्याची अंमलबजावणी काउंटरवरच व्हायची आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली, तेव्हा मुख्य अपराध निर्मितीतला आणि तपासणीतला होता. पण साध्या खोकल्याला प्रत्येक वेळी बाटलीच हवी, ही समजूत कोणी जोपासली, हाही प्रश्न त्या मृत्यूंनी उभा केला आहे.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. सरकार म्हणेल, पैसा नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. म्हणजे पैसा खर्च होतोच आहे. फक्त तो आजारी माणसाकडून, आजाराच्या क्षणी, आणि बऱ्याच अंशी अनावश्यक मालावर वसूल केला जातो.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येईल: दुकानदाराला सरकारी पैसा का द्यावा, प्राथमिक आरोग्य केंद्रे का बळकट करू नयेत? केंद्रे बळकट झालीच पाहिजेत, आणि आशा कार्यकर्तीला सन्मानाचे वेतनही मिळाले पाहिजे. औषध-दुकान हा त्यांचा पर्याय नव्हे. विशेषतः खेड्यापाड्यांत, जेथे दुकान तालुक्याच्या गावीच आहे, तेथे आशाची औषधपेटी हेच पहिले काउंटर आहे. परंतु शहरांच्या कामगारवस्त्यांत दुकान आजच दाराशी आहे. लोकांच्या पायाखालची वाट मळलेली असताना दुसरी वाट तयार होईपर्यंत तिच्याकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही.

मागण्या

ह्या विवेचनातून चळवळीच्या मागण्या पुढीलप्रमाणे निघतात. पहिली, किरकोळ आजारांची एक मर्यादित यादी राज्य सरकारने जाहीर करावी आणि तिच्याबरोबर मराठीतली नियमावली प्रत्येक दुकानात दर्शनी भागी लावावी. दुसरी, नोंदणीकृत फार्मासिस्टने दिलेल्या सल्ल्याचा ठरावीक मोबदला सार्वजनिक निधीतून मिळावा; औषध दिले, दिले नाही, वा दवाखान्यात पाठवले, तिन्ही वेळी रक्कम एकच असावी. तिसरी, ह्या यादीतील मोजकी आवश्यक औषधे मूळ नावाने आणि सार्वजनिक खरेदीतून पुरवली जावीत, आणि ती रुग्णाला विनामूल्य मिळावीत. चौथी, मोबदला त्याच दुकानाला मिळावा जेथे फार्मासिस्ट प्रत्यक्ष उभा आहे आणि त्याला रास्त वेतन आहे. पाचवी, प्रारंभ महानगरपालिकांच्या काही कामगारवस्त्यांत आणि सहकारी दुकानांतून व्हावा, व त्याचा हिशेब लोकांसमोर मांडला जावा.

मित्रहो, ह्या मागण्या मंत्रालयात पोहोचण्याआधी वस्तीत पोहोचल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील घरोघरी जाऊन विचारावे: मागच्या महिन्यात घरात कोण आजारी पडले, औषध कोठून आणले, काउंटरवर काय विचारले गेले, काय दिले, किती पैसे गेले, किती खाडे झाले. ही माहिती वहीत नोंदवावी. दुकानातल्या फार्मासिस्टशीही बोलावे. पदविका घेऊन तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास उभा राहणारा तो तरुणही श्रमिकच आहे आणि ह्या लढ्यातला मित्र होऊ शकतो. महिला कार्यकर्त्यांनी जलसंजीवनीची खरी पुडी आणि साखरेचे पेय ह्यांतला फरक वस्तीतल्या आयांना दाखवावा. अशा वह्या भरून झाल्या म्हणजे प्रभागसभेत आणि पालिकेच्या सभागृहात बोलायला आकडे हाती असतील, आणि ते आकडे लोकांच्या घरांतून आलेले असतील.